गडावरचे रोप घरी आणावे का?

पावसाळा ओसरू लागला की शाळांच्या सहली निघतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, मुले भंडारदऱ्याला जातात, रतनगड चढतात, हरिश्चंद्रगडावर मुक्काम करतात. परतीच्या वाटेवर कोणाच्या तरी पिशवीत ओल्या कागदात गुंडाळलेले एखादे रोप असते. कधी ती झाडाच्या फांदीवरून सोडवून घेतलेली आमरी असते, तर कधी कातळावरच्या मूठभर मातीतून उपटलेला, खाली कंद असलेला एखादा नाजूक कोंब. आणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. उलट, ‘ही वनस्पती दुर्मिळ आहे, इथे गुरे तुडवतील, आपण घरी नेऊन जपू,’ असाच विचार त्याच्या मनात असतो.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. असे रोप आणू नये. परंतु ‘आणू नका’ एवढेच सांगून थांबणे विज्ञानाच्या मासिकाला शोभणार नाही. का आणू नये, आणि दुर्मिळ वनस्पती वाढवायचीच असेल तर ती कशी वाढवावी, या दोन्ही गोष्टी आपण नीट पाहू. त्यासाठी प्रथम जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या.

एका जिल्ह्यात दोन हवामाने

नकाशाच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. रतनगडाच्या परिसरात प्रवरा नदी उगम पावते. तेथील घाटघर हे गाव पावसासाठी प्रसिद्ध आहे. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस तेथे पडतो, म्हणून लोक त्याला ‘नगर जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणतात. आता घाटघरपासून पूर्वेकडे सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर या. तुम्ही नगर शहरात आलात. येथे वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर! जिल्हा एकच, पण एका टोकाला दुसऱ्याच्या सात-आठ पट पाऊस.

याचे कारण तुम्ही भूगोलात शिकला आहात. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि त्यांतील पाणी तेथेच पडते. घाट ओलांडून खाली उतरणारे वारे कोरडे असतात. पाथर्डी, कर्जत, श्रीगोंदा हे तालुके या पर्जन्यछायेत येतात.

या प्रचंड पावसामुळे अकोल्याच्या दऱ्याखोऱ्यांत आणि देवरायांत सदाहरित व निमसदाहरित वनांचे तुकडे टिकून आहेत. जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा यांच्या दाट छायेत, शेवाळ चढलेल्या फांद्यांवर आमरी वाढतात. मलेशियातील किंवा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पर्जन्यवनात जवळजवळ बाराही महिने पाऊस असतो. आपल्याकडे तो चार महिन्यांतच कोसळतो आणि उरलेले आठ महिने झाडांना साठवणीवर काढावे लागतात. म्हणून आपली वने ही त्या पर्जन्यवनांची काटकसरीने संसार करणारी भावंडे आहेत असे म्हटले तरी चालेल. ही काटकसर कशी चालते हे समजले, की पिशवीतून आणलेले रोप का मरते तेही समजेल.

आमरी का मरते?

पहिली गोष्ट म्हणजे आमरी हे बांडगूळ नव्हे. पुष्कळांचा हा गैरसमज असतो. बांडगूळ आपली मुळे आश्रयदात्या झाडाच्या आत घुसवते आणि त्याचा रस शोषते. आमरी झाडावर केवळ बसते. तिची मुळे सालीला घट्ट चिकटतात, पण आत शिरत नाहीत. झाडाकडून तिला मिळते ती जागा, सावली, आणि सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यात विरघळलेले थोडेसे क्षार.

आता ही मुळे पाहा. त्यांच्यावर मृत पेशींचे एक पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस किंवा धुके आले की हे आवरण टीपकागदाप्रमाणे पाणी टिपून घेते. ओले झाले की ते पारदर्शक बनते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. होय, आमरीच्या मुळांत हरितद्रव्यही असते! कोरडे पडले की मूळ पुन्हा रुपेरी दिसते. म्हणजे या मुळांना पाणी हवे, आणि पाणी मिळाल्यावर लगेच वाराही हवा. सतत ओल्या मातीत ती कुजतात आणि सतत कोरड्या हवेत ती वाळतात.

फांदीवरून आमरी ओढून काढताना नेमकी हीच मुळे तुटतात. सालीला चिकटलेला भाग सालीवरच राहतो आणि आपल्या हाती येतो तो जवळजवळ बिनमुळांचा झुबका. पुढे तो कुंडीत, काळ्या मातीत लावला जातो. पावसाळा आणि हिवाळा कसाबसा निघतो. मग मार्च ते मे या काळात नगरची हवा इतकी कोरडी होते, की दोरीवरचे ओले धोतर पाहता पाहता वाळते. अकोल्याच्या दरीत उन्हाळ्यातही झाडांची सावली असते आणि पहाटेचे दव असते. कुंडीजवळ यांपैकी काही नसते.

आणि यातली फसवणूक अशी, की आमरी लगेच मरत नाही. तिची पाने जाड असतात, काही जातींचे खोडही फुगीर असते, आणि त्यांत पाणी व अन्न साठवलेले असते. त्या शिदोरीवर ती कित्येक महिने हिरवी दिसते. ‘पाहा, रोप लागले!’ असे मालक सर्वांना सांगतो. प्रत्यक्षात रोप लागलेले नसते, ते शिल्लक खात असते. शिल्लक संपली की सुकते. तोवर आणणाऱ्याचे त्याच्याकडे लक्षही राहिलेले नसते. म्हणूनच ‘मी आणलेली आमरी मेली’ असे सांगणारा सहसा भेटत नाही.

मोठमोठ्यांनी केलेली हीच चूक

ही चूक फक्त शाळकरी मुलेच करतात असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये श्रीमंतांना आमरींचे वेड लागले होते. संग्राहक उष्ण कटिबंधातील वनांत जात, आमरी हाती याव्यात म्हणून झाडेच्या झाडे तोडीत आणि पेट्या भरभरून जहाजाने रोपे पाठवीत. पुष्कळशी वाटेतच मरत. जी पोचत, ती काचगृहात कोंडली जात. उष्ण कटिबंध म्हणजे उकाडा, अशी तेथील माळ्यांची समजूत होती. म्हणून काचगृहे बंद करून, भट्ट्या पेटवून, वाफ सोडून ते आमरींना अक्षरशः उकडीत असत. पण त्यांतील कित्येक रोपे उंच डोंगरांवरच्या थंड, वाहत्या हवेतून आलेली होती. चॅट्सवर्थ येथील उद्यानतज्ज्ञ जोसेफ पॅक्स्टन याने काचगृहाच्या खिडक्या उघडल्या, तापमान उतरवले, आणि आमरी जगू लागल्या. त्याने कोणते गुप्त खत घातले नव्हते. रोप कोठून आले आहे याचा त्याने विचार केला, एवढेच.

तरीही एक कोडे उरले होते. आमरीच्या एका बोंडात काही हजारांपासून काही लाखांपर्यंत बिया असतात. त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि वाऱ्याबरोबर दूर जातात. मग त्या कुंडीत पेरल्या तर उगवत का नाहीत? इ. स. १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला जंगलात आमरीची नुकतीच रुजलेली रोपे सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात बुरशीचे धागे दिसले. त्यावरून उलगडा झाला. आमरीच्या बीजात हरभऱ्याच्या दाण्याप्रमाणे डाळ नसते, म्हणजे अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. विशिष्ट बुरशीचा धागा आत शिरला आणि त्याने अन्न पुरवले, तरच ते बीज रुजते. लाखो बियांपैकी एखाद-दुसरीलाच योग्य फांदी, योग्य ओल आणि योग्य बुरशी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. त्यानंतर पहिले फूल यायला कित्येक वर्षे जातात. तुम्ही फांदीवरून ओढता ती आमरी म्हणजे लाखांतून एक वाचलेले बीज असते.

पुढे १९२२ साली अमेरिकेतील लुईस नड्सन यांनी बुरशीचे काम साखरेकडून करून घेतले. साखर आणि क्षार घातलेल्या, आगरने घट्ट केलेल्या निर्जंतुक माध्यमावर त्यांनी बाटलीतच आमरीच्या बिया रुजवल्या. आज रोपवाटिकांत जी आमरींची रोपे मिळतात, ती बहुतेक अशा बाटल्यांतून वा ऊतिसंवर्धनाने तयार झालेली असतात. अशी रोपे विकत घेऊन वाढवण्यात काहीच गैर नाही. विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाची सोडणे भरलेल्या, भोके असलेल्या कुंडीत ती लावा. मातीत लावू नका. मुळे रुपेरी दिसली की पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा. सकाळचे कोवळे ऊन चालेल, दुपारचे नको. उन्हाळ्यात भोवती ओले गोणपाट टांगा. आमरी कशी जगते हे शिकण्यासाठी एवढे पुरे आहे. त्यासाठी रतनगडाची फांदी उघडी करण्याची गरज नाही.

कंदीलपुष्पाचा तुरुंग

आता तुम्ही म्हणाल, ‘आमरीचे पटले. पण शास्त्रज्ञसुद्धा दुर्मिळ वनस्पती बागेत वाढवतातच की!’ बरोबर आहे. या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी वनातून बाहेर येऊन हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर चला.

गडाची उंची सुमारे १४०० मीटर. माथ्यावर बराचसा कातळ आहे, त्यावर मातीचा पातळ थर आणि पावसाळ्यात गवत. या गवतात रुईच्या कुळातील एक वनस्पती उगवते. तिला शास्त्रीय भाषेत सेरोपेजिया लॉई म्हणतात. सेरोपेजिया या प्रजातीला मराठीत कंदीलपुष्प किंवा खर्चुडी अशी नावे आहेत. भारतात तिच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जगात दुसरीकडे कोठेही आढळत नाहीत. ‘लॉई’ हे नाव मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या आणि वनस्पती गोळा करणाऱ्या लॉ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडले. त्याने जमवलेल्या नमुन्यावरून जोसेफ हूकर यांनी १८८३ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर दीर्घकाळ ती अभ्यासकांच्या दृष्टीस पडली नव्हती. पुढे ती पुन्हा आढळली, आणि ती जेथे आढळली त्या मोजक्या ठिकाणांत आपला हरिश्चंद्रगड आहे.

या प्रजातीचे फूल म्हणजे लहान माश्यांसाठी बांधलेला तुरुंगच होय. फुलाच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळून कंदिलासारखा आकार होतो. त्याच्या खाली एक अरुंद नळी असते आणि तळाशी फुगीर कोठडी. वासाने फसलेली बारीक माशी नळीत शिरते. नळीतील केस खालच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे आत जाणे सोपे, बाहेर येणे अशक्य. कोठडीत ती धडपडत असताना परागकणांची इवलीशी जुडी तिच्या सोंडेला चिकटते. पुढे केस सुकून मऊ पडतात आणि माशीची सुटका होते. ती पुन्हा दुसऱ्या फुलात फसली, तरच परागण होते.

फूल माशीला फसवते तरी कसे? दक्षिण आफ्रिकेतील एका जातीचे उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झाले. कोळ्याने पकडलेल्या जखमी मधमाशीच्या अंगातून जो वास येतो, तोच वास त्या जातीचे फूल तयार करते. अशा जखमी मधमाश्यांचा रस चोरून पिणाऱ्या विशिष्ट माश्या त्या वासाकडे धावतात आणि फुलात अडकतात. म्हणजे त्या एका फुलाच्या मागे एक माशी, तिच्यामागे मधमाशी आणि मधमाशीच्या मागे कोळी, अशी साखळीच आहे!

आता विचार करा. असे रोप तुम्ही उपटून नगरला, संगमनेरला किंवा पुण्याला नेले. समजा, तुम्ही त्याची उत्तम काळजी घेतली आणि ते फुललेही. पण फुलाची माशी कोठून आणणार? माशी नाही तर परागण नाही. परागण नाही तर शेंग नाही, आणि रुईसारखी रेशमी शेपटीची, वाऱ्यावर तरंगणारी बी नाही. कुंडीत उरते एक एकटे रोप. ते जिवंत आहे, पण त्याच्यापुरता वंश थांबलेला आहे. आणि गडावर जेथे ती एकूणच थोडी आहेत, तेथे आणखी एक कमी झाले आहे.

ते जगवणेही सोपे नाही, कारण या वनस्पतीचे वर्ष आपल्या तुळशीसारखे नसते. पावसाळा संपला की वरचा भाग पूर्ण वाळून जातो आणि जमिनीत कंद झोपी जातो. हौशी मालक घाबरतो, आणि दोन चुकांपैकी एक करतो. रोप मेले म्हणून कुंडी रिकामी करतो, नाहीतर जगावे म्हणून रोज पाणी घालतो आणि झोपलेला कंद कुजवतो. खरे तर मुरूम, वाळू आणि पालापाचोळ्याचे खत मिसळलेल्या, पाणी न धरणाऱ्या मातीत तो कंद पहिल्या पावसापर्यंत कोरडा ठेवायचा असतो. काळजी घेणे म्हणजे काही वेळा काहीही न करणे, हे कंदीलपुष्प शिकवते.

कुंडीतले हजार आणि कड्यावरचे दहा

शेजारच्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात आणखी एक प्रसिद्ध वनस्पती आहे. तिचे नाव शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डॅल्झेल यांनी १८६५ साली तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिले. शिवनेरीसारख्या मोजक्या गडांच्या कड्यांवर ती वाढते. एके काळी जगातील अतिशय धोक्यात असलेल्या निवडक वनस्पतींच्या यादीत तिचे नाव घेतले जाई.

गंमत अशी, की ही शिंदळ माकुडी वाढवायला मुळीच अवघड नाही. फांदीचा तुकडा खोचला की मुळे फुटतात. जगभरातील हौशी लोकांकडे ती आज कुंड्यांतून आहे. मग ती वाचली, असे म्हणावे काय?

माझ्या मते, अर्धीच. कारण फांदीच्या तुकड्यापासून केलेले रोप हे मूळ रोपाची हुबेहूब नक्कल असते. एका रोपाचे हजार तुकडे करून हजार कुंड्यांत लावले, तरी आनुवंशिकतेच्या दृष्टीने ते एकच रोप हजार ठिकाणी आहे. एखादा रोग आला आणि त्याला ते बळी पडणारे असले, तर हजारही बळी पडतील. याउलट कड्यावर बियांपासून उगवलेली दहाच रोपे असली, तरी ती दहा निरनिराळी आहेत. त्यांतील एखाद्याला दुष्काळ सोसेल, एखाद्याला रोग सोसेल. शिवाय कुंड्या हजार झाल्या म्हणून कड्यावरचे एकही रोप वाढत नाही. कुंडी ही बँकेतील ठेवीसारखी आहे. ती असावी, पण ती शेत नव्हे.

मग वाढवायचे कसे?

शास्त्रज्ञांच्या कामात आणि पिशवीतल्या रोपात काय फरक आहे, तो आता सांगता येईल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांच्या अनेक जातींचा अभ्यास केला व विद्यापीठाच्या उद्यानात त्या वाढवल्या. माशी नसेल तेथे हाताने परागण करून बी मिळवणे, बियांपासून रोपे करणे, ऊतिसंवर्धनाने संख्या वाढवणे, आणि काही रोपे डोंगरावर परत लावून पाहणे, असे हे काम आहे. या कामातून मला तीन नियम दिसतात.

पहिला नियम : मूळ रोप जागेवरच राहिले पाहिजे. वाढवायचे ते बियांपासून किंवा छोट्या तुकड्यापासून, आणि तेही परवानगी घेऊन.

दुसरा नियम : प्रत्येक रोपाचा पत्ता लिहिलेला असला पाहिजे. कोणता डोंगर, किती उंची, कोणता उतार, कोणती तारीख. पत्ता हरवलेले रोप शोभेचे असते. ते परत कोठे लावावे हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरा नियम : वाढवण्याचा शेवटचा टप्पा घरी परत पाठवणे हाच असला पाहिजे. म्हणजेच ते घर तोपर्यंत शाबूत राहिले पाहिजे.

पिशवीतले रोप हे तिन्ही नियम मोडते. कायद्याचेही एक कलम लक्षात ठेवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय वनस्पती काढून नेणे हा गुन्हा आहे. पण माझा भर कायद्यावर नाही. पहारेकरी प्रत्येक कातळावर उभा राहू शकत नाही. समजूत मात्र प्रत्येकाच्या डोक्यात राहू शकते.

घर मोडते कसे?

तिसरा नियम सर्वांत कठीण आहे, कारण घर मोडणारे हात निरनिराळे असतात. हिवाळा संपताना गवताला लावलेला वणवा, एकाच जागी वर्षभर होणारी चराई, सुट्टीच्या दिवशी माथ्यावर ठोकलेले तंबू आणि त्यांच्याभोवतीची पायवाट, सरपणासाठी तोडलेली फांदी, ही कारणे तुम्हांला ठाऊक आहेत. एक कारण मात्र ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. ते म्हणजे चुकीच्या जागी केलेले वृक्षारोपण!

कातळमाथ्यावरचे गवत पाहून पुष्कळांना वाटते, ‘ही जागा उजाड आहे, येथे झाडे लावू.’ मग खड्डे खणले जातात आणि गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली जाते. हेतू उत्तम. परंतु कंदीलपुष्पाला हवे असते उघडे आकाश, पातळ माती आणि गवताचा आधार. खड्डा खणताना कंद फुटतो, आणि झाड मोठे झाले की त्याच्या सावलीत उरलेले कंद उगवत नाहीत. माळ हा रिकामा प्लॉट नसतो. तेथे कोण राहतो हे विचारल्याशिवाय तेथे नवा भाडेकरू आणू नये.

उलट, दरीतील तुटलेल्या वनात झाड लावणे हाच आमरी वाढवण्याचा खरा मार्ग आहे. गळून पडलेल्या बिया वेचून जांभूळ, हिरडा, अंजनी यांची रोपे शाळेच्या रोपवाटिकेत करता येतात. ती वनखात्याच्या संमतीने योग्य जागी लावली, आणि जगवली, तर तीस-चाळीस वर्षांनी त्यांच्या खरबरीत फांद्यांवर वाऱ्याने आलेली आमरीची बी बसेल. ही लांबची गोष्ट आहे खरी. पण आमरीच्या हिशेबाने ती लांबची नाही.

येथे अकोल्यातील मुलांना वेगळे सांगावयाचे आहे. तुमच्या घरांतून हिरडा गोळा करण्यासाठी वनात जाणारी माणसे आहेत. महादेव कोळी व ठाकर समाजातील वडीलधाऱ्यांना कोणता कंद कोठे उगवतो, कोणत्या देवराईत काय फुलते, हे पुस्तकातल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. अशा वह्या भरल्या, तर शास्त्रज्ञांनाही त्या मागून घ्याव्या लागतील.

तुमच्या हातात काय आहे?

कोरड्या तालुक्यांतील मुलांनी निराश होण्याचे कारण नाही. कंदीलपुष्पाची एक जात, सेरोपेजिया बल्बोसा, आपल्या पठारावरच्या काटेरी झुडपांत आणि कुंपणांतही उगवते. पावसाळ्यात गावाभोवती तिचा शोध घ्या. सापडली तर जागा गुप्त ठेवा, शिक्षकांना दाखवा, आणि दरवर्षी किती वेल आले, किती फुले आली, किती शेंगा धरल्या, याची नोंद ठेवा. फुले पन्नास आणि शेंगा दोन, असा आकडा आला, तर माश्यांचे काय झाले असा प्रश्न पडेल. असे प्रश्न पडू लागले की विज्ञान सुरू झाले.

ज्यांना घरीच काही वाढवायचे आहे, त्यांच्यासाठी एक उपाय आहे. दक्षिण आफ्रिकेतील एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया वूडी, रोपवाटिकांत टांगत्या कुंडीत विकले जाते. त्याची पाने लहान, बदामी आकाराची, पांढऱ्या नक्षीची असतात. वेलावर मण्यांसारखे छोटे कंद येतात. एक मणी मातीवर टेकवला की नवे रोप तयार होते. पाणी बेताने द्या, हिवाळ्यात अगदी कमी. फूल आले की ताजे एक आणि जुने एक अशी दोन फुले घ्या, मोठ्यांच्या देखरेखीखाली ब्लेडने उभी चिरा आणि भिंगाखाली पाहा. ताज्या फुलाच्या नळीत ताठ केस दिसतील, जुन्यात ते सुकलेले असतील. नशीब असेल, तर कोठडीत एखादी माशीही सापडेल. हरिश्चंद्रगडावर काय घडते ते तुम्ही आपल्या पडवीत पाहिलेत, आणि गडावरचे एक पानही हलले नाही.

गडावर जाताना पिशवीऐवजी वही न्या. जे दिसेल त्याचे चित्र काढा, फोटो घ्या, शेजारी कोणते गवत होते, कोणती माशी बसली होती, हे लिहा. पुढच्या पावसाळ्यात तेथेच जाऊन पाहा. तेच रोप त्याच जागी पुन्हा उगवलेले दिसले, तर त्याची काळजी घेतल्याचे समाधान तुम्हांला खुशाल मिळू द्या. त्याला हात न लावून तुम्ही ती घेतलेली असेल.